घरचा कॉम्प्युटर घेताय? कोटेशनवर प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव लिहून घ्या

निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न ठरलेले असतात. "मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, दुकानदारानं कोटेशन दिलंय, घेऊ का?" किंवा, "जुना कॉम्प्युटर रखडत चालतो. नवीन घ्यावा की त्यातच काही बदलावं?" सोबत बहुतेक वेळा कोटेशनचा फोटो असतो आणि त्यावर एवढंच असतं: आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स.

एवढ्यावरून हो किंवा नाही सांगता येत नाही. आय५ हे नाव इंटेल २००९ पासून वापरत आली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही आय५ आणि परवा आलेलाही आय५. प्रत्येक पार्टला कंपनी, मॉडेल, पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर मिळून एक पूर्ण नाव असतं. ते कोटेशनवर आणि मग बिलावर आलं, तर भावाची तुलना करता येते, वॉरंटी मिळते आणि वेळ आलीच तर तक्रारही टिकते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

नवीन घेण्याआधी जुना तपासा

रखडणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा दोष हार्ड डिस्कचा असतो, प्रोसेसरचा नाही. खात्री घरीच करता येते.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर क्लिक करा.
२. डिस्कच्या खाली 'एचडीडी' असं दिसतंय आणि काही काम चालू नसतानाही आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास अडकतोय? मग एसएसडी बसवा.
३. मेमरीवर क्लिक करा. रॅम किती, तिचा स्पीड किती आणि किती स्लॉट भरलेत, हे तिथं दिसतं. स्पीड १३३३ किंवा १६०० असेल तर रॅम डीडीआर३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४ आणि ४८०० किंवा वर असेल तर डीडीआर५. या तिघींची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.
४. सीपीयूवर क्लिक करून प्रोसेसरचं पूर्ण नाव वहीत उतरवून घ्या.

साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते. साटा एसएसडी पाचशेच्या पुढं जाते आणि छोट्या छोट्या फायली उघडताना तर फरक याच्या कितीतरी पट जाणवतो. चौथ्या-सहाव्या पिढीच्या इंटेल मशीनला एसएसडी आणि ८ जीबी रॅम मिळाली, की टॅली, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ लेक्चर ही कामं विनातक्रार चालतात. मात्र डीडीआर३ रॅमच्या मशीनवर एसएसडीखेरीज मोठा खर्च करू नका. एसएसडी उद्या काढून नव्या मशीनला लावता येईल, त्या पिढीचा प्रोसेसर किंवा बोर्ड मात्र पुढं कशालाच जोडता येत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर फोटो ठेवणार असाल, तर आधी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरनं तिची तब्येत पाहा. पिवळा किंवा लाल शेरा आला, तर फोटो त्याच दिवशी दुसरीकडे घ्या.

ज्यांच्याकडे एएमडीचा एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे, म्हणजे रायझन १०००, २००० किंवा ३००० मालिकेचा प्रोसेसर आहे, त्यांना एक चांगला रस्ता मोकळा आहे. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाईटवर आपल्या मॉडेलची यादी पाहा. ती परवानगी देत असेल, तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा ५६००जी बसतो. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच राहतं. बायोसचा अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा आणि यूपीएस लावूनच करायचा. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

'विंडोज ११ चालत नाही' असं आलं, म्हणून मशीन मोडीत काढू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव योजना मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिच्यात नोंदणी सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढं चालतं, पण आपल्याकडे खूप खपलेले २२००जी आणि २४००जी यादीत नाहीत.

आठव्या पिढीचं मशीन असूनही 'चालत नाही' असा निरोप आला, तर बहुधा टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय बंद असते. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाचा पर्याय चालू करा. पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी कुणी नवीन बोर्ड सुचवत असेल, तर तो घेऊ नका. मशीन खरोखरच यादीबाहेरचं असेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत बसवता येतं आणि त्यात मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा श्री-लिपीवर काम असेल, तर विंडोजच लागेल.

आधी काम ठरवा, मग बजेट

- अभ्यास, अर्ज, टॅली, घरचा वापर: कोअर आय३-१२१०० सारखा चार कोअरचा नवा प्रोसेसर, ८ ते १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड अजिबात नको.
- इंजिनिअरिंग: पहिल्या वर्षी कोडिंग आणि ऑटोकॅडला वरचंच मशीन १६ जीबी रॅमसह पुरतं. सांगलीचं वालचंद असो की कराडचं शासकीय महाविद्यालय, कॉलेजात लॅब असते. शाखेला नेमकं कोणतं सॉफ्टवेअर लागतं, हे दुसऱ्या वर्षी कळेल. ग्राफिक्स कार्ड तेव्हा घ्या. फक्त एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट आजच तेवढ्या ताकदीचे घ्या.
- डीटीपी, फ्लेक्स, पत्रिका: सहा कोअर, १६ जीबी, जमल्यास ३२ जीबी रॅम आणि आयपीएस पॅनलचा मॉनिटर. स्क्रीनवरचा भगवा आणि छापलेला भगवा जुळत नाही अशी तक्रार असते, तिचा बराचसा दोष स्वस्त मॉनिटरकडे असतो.
- लग्नाचे व्हिडिओ: ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी (एक विंडोजला, एक चालू कामाला), जुन्या शूटिंगसाठी मोठी हार्ड डिस्क. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक सोय एडिटिंगला फार उपयोगी पडते, म्हणून इथं शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर टाळा.
- गेमिंग: बजेटचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या आणि प्रोसेसर मधला घ्या. दुकानात बऱ्याचदा उलटं सुचवतात.

एक कोटेशन ओळीओळीनं वाचू या

या भागात सर्रास मिळणाऱ्या कोटेशनचा हा नमुना:

*आय५ प्रोसेसर / एच६१ बोर्ड / ८ जीबी रॅम / ५१२ एसएसडी / जीटी ७३० ग्राफिक्स / गेमिंग कॅबिनेट, एसएमपीएससह / १९ इंची मॉनिटर / एक वर्ष वॉरंटी*

आय५ प्रोसेसर. बोर्ड एच६१ आहे, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचाच असणार. हे तुकडे २०११-१२ च्या सुमाराचे आणि आज मिळतात ते वापरून काढलेले. इंटेलच्या नावात पिढी अशी ओळखा: चार आकडे असतील तर पहिला आकडा ही पिढी (३४७० म्हणजे तिसरी), पाच आकडे असतील तर पहिले दोन (१२४०० म्हणजे बारावी). बाराव्या पिढीचा आय३ जुन्या चौथ्या पिढीच्या आय७ लाही मागं टाकतो. तेव्हा आय३, आय५, आय७ या शिक्क्यापेक्षा पिढी आधी पाहा. इंटेलच्या नव्या मालिकेत 'आय' गळून कोअर अल्ट्रा असं नाव आलंय. तिचा सॉकेटही वेगळा आहे.

शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलमध्ये 'एफ' असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर चित्रच येणार नाही. रायझनच्या ५००० मालिकेत 'जी' असलेल्यातच ग्राफिक्स असतं. ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. ७००० मालिकेत साध्या प्रोसेसरमध्येही कामापुरतं ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नाही.

एच६१ बोर्ड. बोर्ड नवाकोरा असू शकतो, कारण या जुन्या चिपसेटचे बोर्ड अनोळखी नावांनी अजून बनतात. पण त्याची रॅम डीडीआर३, कमाल मर्यादा १६ जीबी आणि साटाचा वेग अर्धा. म्हणजे एसएसडी लावूनही ती निम्म्याच वेगानं धावणार. विंडोज ११ च्या यादीत तर हे मशीन बसतच नाही. 'नवीन कॉम्प्युटर' म्हणून असलं मशीन घेऊ नका, मग भाव कितीही गोड असो. आज नवीन घेताना निदान एच६१० किंवा एएमडीचा ए५२०, बी५५० बोर्ड हवा आणि थोडं पुढचं पाहायचं तर एएम५ सॉकेटचा बोर्ड. एच६१ आणि एच६१० या नावांत एका शून्याचा फरक आहे आणि मधली दहा वर्षं आहेत. कोटेशनवर तो शून्य डोळ्यांनी पाहून घ्या.

एच६१० बोर्ड डीडीआर४ चा वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा मिळतो. बोर्डाचं पूर्ण मॉडेल कळल्याशिवाय रॅम घेऊ नका. सॉकेट सारखा दिसतो म्हणून प्रोसेसर चालेल, असंही नसतं. इंटेलचा ११५१ सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीला आणि आठव्या-नवव्या पिढीलाही होता, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही.

५१२ एसएसडी. साटा की एनव्हीएमई? कोणत्या कंपनीची? एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात दोन्ही प्रकार येतात. साटाचा वेग साडेपाचशे एमबीवर थांबतो, साधी एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढं जाते. बोर्डावरचा स्लॉट कोणता प्रकार घेतो, ते बोर्डाच्या माहितीपत्रकात असतं. २ टीबीची एसएसडी दीड हजारात दिसली तर ती बनावट समजा. आतली खरी जागा थोडी असते, ती भरली की तुमच्या फायली गायब होतात.

जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं. गेमिंगच्या नावानं ते अजून विकलं जातं, पण ५६००जीच्या आतलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा सरस आहे. '२ जीबी', '४ जीबी' हा कार्डावरच्या मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. आणखी एक जपून: जुन्या कार्डावर दुसरं नाव चढवून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार ऑनलाइन खूप झालेत. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डं बहुतेक वेळा ओळखतं.

एक वर्ष वॉरंटी. कशावर? दुकानाची की कंपनीची? नव्या डबाबंद प्रोसेसरला आणि बहुतेक चांगल्या बोर्डांना कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, एसएसडीला तीन ते पाच वर्षांची. सगळ्या मशीनला मिळून 'एक वर्ष' लिहिणं म्हणजे तुमच्या हक्काची दोन-चार वर्षं कमी करणं.

राहिला एसएमपीएस. त्याच्यावर सविस्तरच बोलायला हवं, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त मशीन त्याच्यापायी जातात.

एसएमपीएस, अर्थिंग, यूपीएस

कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारा एसएमपीएस नको. वर रंगीत दिवे असतील, आतला डबा मात्र हलका असतो. दुकानात तो बाहेर काढायला सांगा आणि बाजूचं लेबल वाचा. दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच रकान्यावर चालतात. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टपुढं १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. तो एसएमपीएस कामाच्या दृष्टीनं दोनशे वॅटचाच झाला. चांगल्या ४५० वॅटच्या डब्यावर हा आकडा ३५ च्या आसपास असतो. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर नुसती बेरीज करू नका, त्यांच्याखाली एकत्रित वॅट दिलेले असतात ते पाहा.

दुसरी, इनपुट व्होल्टेज. '२००–२४०' लिहिलं असेल तर व्होल्टेज त्याखाली गेलं की मशीन बंद पडतं. '१००–२४०' असेल तर निभावतं. माण-खटाव, जत, आटपाडीकडे वाडी-वस्तीवर संध्याकाळी मोटारी चालू झाल्या, की व्होल्टेज किती खाली येतं हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. त्यांनी ही ओळ पाहिल्याशिवाय एसएमपीएस घेऊ नये. '८० प्लस ब्राँझ'चा शिक्का आणि तीन ते पाच वर्षांची कंपनी वॉरंटी असलेला डबा घ्या. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, इथं काटकसर नको.

कॅबिनेटला मागून हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार गावोगावची. तो बहुधा मशीनचा दोष नसतो. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो. घराला अर्थिंग नसेल किंवा खड्डा सुकला असेल, तर तो करंट पत्र्यावर येऊन बसतो. जुन्या वाड्यांत आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या माळरानावरच्या घरांत हे नेहमी होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं दोन्ही व्होल्टेज मोजायला लावा. पहिलं २३० च्या जवळ आणि दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा कन्व्हर्टर घरात असेल तर काढून टाका.

यूपीएस ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला आणि मॉनिटरला तो पुरतो. कार्ड असेल तर १००० व्हीए घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, ती बदलण्याचा खर्च धरून चाला. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवायचा असेल, तर इन्व्हर्टर साईन वेव्हचा आहे का, ते विचारा.

पाऊस, वीज आणि कृष्णेचं पाणी

वळवाच्या दिवसांत ढग गडगडले, की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि राउटरकडून आलेली लॅनची वायरही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून लॅनच्या वायरीत आणि तिथून थेट बोर्डापर्यंत येऊ शकते.

सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर मशीन असेल, तर इशारा पातळीची, म्हणजे ४० फुटांची बातमी आली, की कॅबिनेट वर हलवा. तेवढा वेळ नसेल तर निदान आतली एसएसडी आणि हार्ड डिस्क काढून घ्या. भिजलेलं मशीन 'चालतंय का' म्हणून लावून पाहू नका. बटण दाबेपर्यंत त्यातलं बरंच काही वाचण्यासारखं असतं. भिजलेली हार्ड डिस्क घरी उघडू नका, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

रॅमच्या भावाचं काय करायचं

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्यानं चढले. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा माल वळला, हे त्याचं मुख्य कारण. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीचं कोटेशन आज चालेलच असं नाही. कोटेशनवर तारीख आणि भाव किती दिवस टिकेल, ते लिहून घ्या.

अशा काळात माझा सल्ला असा: १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. भाव उतरले की दुसरी टाका. अपवाद 'जी' प्रोसेसरवर गेम खेळणाऱ्यांचा. आतलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर चालतं, म्हणून त्यांनी ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४ रॅम असेल तर ती टाकू नका, डीडीआर४ चाच बोर्ड पाहा.

सेकंडहँड आणि रिफर्बिश्ड

पुण्याच्या आयटी कंपन्यांतून निघालेली डेल, एचपी, लेनोव्होची ऑफिस मशीन आपल्याकडे बरीच येतात. कमी बजेटला हा पर्याय चांगला आहे, अटी दोन: प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा आणि किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी हवी. या मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो. बिघडला तर बाजारातला साधा डबा बसत नाही आणि मोठं ग्राफिक्स कार्डही मावत नाही. तेव्हा वाढवत नेण्यासाठी नाही, आहे तसं वापरण्यासाठी घ्या.

सुटा सेकंडहँड एसएमपीएस घेऊ नका. तेराव्या-चौदाव्या पिढीचे इंटेलचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं आणि इंटेलनं बायोसमार्फत दुरुस्ती दिली. असा तुकडा वापरलेला मिळत असेल, तर आधीच्या मालकानं बायोस अपडेट केला होता का, याची खात्री करा. ती होत नसेल तर सोडून द्या.

कुठून घ्यावा

जवळच्या दुकानातून, कोल्हापूर-पुण्याहून की ऑनलाइन? एकूण रकमेत दोन-तीन हजारांचा फरक असेल, तर जवळचं दुकान बरं. बोर्ड वॉरंटीला द्यायला फलटणहून किंवा जतहून पुण्याच्या खेपा घालायच्या म्हटलं, की तो फरक तिथंच जिरतो. फरक मोठा असेल तर प्रोसेसर आणि एसएसडी ऑनलाइन आणि बोर्ड, रॅम, एसएमपीएस स्थानिक, अशी विभागणी जमते. मात्र जोडणी करणाऱ्याशी आधी बोलून ठेवा. पार्ट चार ठिकाणचे असले आणि मशीन चालूच झालं नाही, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जोडणी आणि तपासणीचे पैसे वेगळे द्या, पण दोष कोणत्या पार्टमध्ये आहे हे शोधून देण्याचं काम त्यात धरलंय, असं लिहून घ्या.

ऑनलाइन पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. विक्रेत्याचं नाव पाहा. भारतातली कंपनी वॉरंटी नसलेला आयात मालही त्याच पानावर स्वस्त दिसतो.

दुकानातून निघण्याआधी

- मशीन समोर चालू करून घ्या. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम बिलाप्रमाणे आहेत का, ते पाहा.
- अर्धा तास एखादा व्हिडिओ चालू ठेवा, मशीन बंद पडतं का ते बघा.
- पार्टवरचे आणि डब्यावरचे सीरियल नंबर जुळतात का पाहा आणि फोटो काढा.
- सगळे रिकामे डबे मागून घ्या. वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.
- विंडोज अस्सल लायसन्सचं आहे की क्रॅक, हे स्पष्ट विचारा. क्रॅक मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

बिल आणि तुमचे हक्क

कॉम्प्युटर आणि पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय घेतलं तर कमी पडेल" असं कुणी म्हटलं, तर वाचणाऱ्या पैशांबरोबर वॉरंटीही सोडून द्यावी लागते, हे लक्षात घ्या. बिलावर प्रत्येक पार्ट स्वतंत्र ओळीत, पूर्ण नाव आणि सीरियल नंबरसह हवा. 'कॉम्प्युटर सेट, १ नग' असं बिल घेऊ नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. म्हणून 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा बिलावरचा छापील मजकूर पाहून माघारी फिरू नका. मात्र आवडलं नाही किंवा दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून परत करण्याचा हक्क यातून मिळत नाही. माल सदोष हवा.

तक्रार या क्रमानं करा:

१. दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालेल, फक्त पार्टचं पूर्ण नाव, सीरियल नंबर, बिलाची तारीख आणि दोष त्यात हवा. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा २०२० चा नियम आहे.
२. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बरीच प्रकरणं इथंच मिटतात.
३. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तो साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. माल पुण्यात किंवा ऑनलाइन घेतला असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज भरता येतो. सोबत बिल, सीरियल नंबरचे फोटो आणि पहिल्या पायरीवरचा लेखी पत्रव्यवहार जोडा.